हात न लावण्याचा नियम

तुम्ही नेमकं करता काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, मोठ्या माणसांना चहा करायला शिकवते. समोरच्याला वाटतं मी चेष्टा करतेय. पण माझं काम खरोखर तेच आहे. बोईसरला स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर आमच्या दोन खोल्या आहेत. शिकायला, समजायला ज्यांना इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो अशी अठरा वर्षांपुढची मुलंमुली तिथे येतात. शाळा संपलेली असते आणि पुढे काय, हे कुणालाच ठाऊक नसतं. आम्ही त्यांना चहा, भात, कपडे धुणं, रिक्षाने येणं-जाणं, कुलूप लावणं, दुकानात जाऊन हवं ते मागणं असलं सगळं शिकवतो. त्यांच्या आया पहिल्या भेटीत मुलांच्या खोड्या सांगतात, दुसऱ्या भेटीत नवसांबद्दल बोलतात आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत, निघताना, चप्पल पायात सरकवता सरकवता विचारतात, माझ्या माघारी हिचं काय?

मी तापट आहे. कार्यक्रमात हार घालून घ्यायला आलेले पाहुणे आमच्या मुलांना 'देवाची लेकरं' म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. ही लेकरं नाहीत, ही सव्वीस वर्षांची बाई आहे, हिला राग येतो, लाज वाटते, हिला नेलपॉलिश आवडते, असं मी तोंडावर सांगितलेलं आहे आणि त्यापायी दोन देणगीदार घालवले आहेत. 'तिला काय कळतंय' हे वाक्य आमच्या खोल्यांत कुणी बोललं की त्याची धडगत नसते. हे मोठेपणाने सांगत नाही. उलट आता ते आठवलं की मान खाली जाते.

आमच्या कामात एक पद्धत आहे, तिला आम्ही 'हात मागे' म्हणतो. मुलगी कुकरचं झाकण लावायला बसते, एकदा चुकते, दोनदा चुकते, आणि आईचा हात आपसूक पुढे येतो. तो आला की त्या दिवसाचं शिकणं तिथेच संपतं. म्हणून आयांना आम्ही दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं करतो. पहिल्या दिवशी त्या हसतात, आठवड्याभरात रडकुंडीला येतात. काही आया ओढणीने स्वतःचे हात बांधून घेतात. बहुतेक जणी माझी पाठ वळली की फसवतात, आणि खरं सांगायचं तर ते मला माहीत असतं. थोडी फसवाफसवी धरूनच तो नियम केलेला आहे.

सातपाटीच्या मावशींनी मात्र कधी फसवलं नाही.

त्या मासळी विकायच्या. पहाटे गावच्या बंदरावर जाऊन माल उचलायच्या आणि पालघरच्या बाजारात बसायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मोठा मुलगा बोईसरच्या कारखान्यात पाळीने कामाला, तिथेच एका खोलीत बायको आणि दोन पोरांसह भाड्याने राहणारा. आणि ही मुलगी, सव्वीस वर्षांची, आईजवळ. तिला बोलायला वेळ लागायचा, 'मला'ला ती 'माना' म्हणायची, आकडे कळायचे नाहीत, एका वेळी दोन गोष्टी सांगितल्या तर दुसरी विसरायची. पण बोंबील सुकवायच्या कामात तिचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. एका बोंबलाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडात अडकवायचं आणि जोडी दोरीवर टाकायची, असं ती सकाळभर न थकता करायची. शेजारणी तिला आपापल्या वाळवणाच्या मांडवावर बोलवायच्या, मजुरी द्यायच्या. म्हणजे कमवायचं कसं हे तिला आमच्याआधीच येत होतं. घरात मात्र ती पाण्याचा पेलासुद्धा स्वतःहून घ्यायची नाही. आंघोळीचं पाणी आई काढून द्यायची, ताटातल्या माशाचे काटे आई काढायची, केस आई विंचरायची. ओट्यावर बसून रोज सकाळी बाजारातून आल्यावर तेल लावून घट्ट वेणी. त्या वेळी दोघी एकमेकींशी जे काही बोलायच्या ते दुसऱ्या कुणाला कळायचं नाही.

एके दिवशी मावशी एकट्याच बोईसरला आमच्याकडे आल्या. डोक्यावर मासळीची पाटी नव्हती, अंगावर चांगलं लुगडं होतं. खाली बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, मी मुंबईला जाऊन आली. छातीत गाठ हाय. पसरलीय बोलतात. डागतर बोलला, वरीस काढलास तरी पुष्कळ."

त्याच पुढे म्हणाल्या, "रडायला नाय आली मी. पोरगा बोलतो, तुझ्या माघारी तिला संस्थेत ठेवू, नाशकाकडं कुठं हाय. त्याची तरी काय चूक? एक खोली हाय त्याची. पण ती तिथं मरंल, बाई. तिला समुद्राचा वास नाय आला तर झोप येत नाय. तिला तिच्याच घरात ऱ्हाता आलं पायजे. एवढं करून द्या."

मुलाशीही मी बोलले. त्याने साफ सांगितलं, "मॅडम, ती एकटी राहू शकते हे मला दाखवा, मी तिला कुठेच पाठवणार नाही. मलाही काय हौस आहे का? पण गॅस चालू ठेवून जळाली तर लोक मलाच धरतील." त्याचं म्हणणं रास्त होतं. तेव्हा गोष्ट इतकी सरळ होती. वर्षाच्या आत ती स्वतःच्या घरात एकटीने राहायला शिकली तर घर तिचं, नाहीतर नाशिक.

निघताना मावशी म्हणाल्या, "तिला सांगू नका माझ्या दुखण्याचं. तिला काय कळणार?"

आणि मी, त्या वाक्यावर माणसं घालवणारी मी, म्हणाले, "नाही सांगत." माझ्या मनात लगेच हिशेब झाला होता की तिला कळलं तर ती आईला सोडणार नाही, शिकण्यात लक्ष लागणार नाही, आपल्याकडे वेळ कमी आहे. हे सगळं खरंही होतं. पण मुळात मलाही वाटलं होतं की तिला काय कळणार, आणि ते मी स्वतःशीही कबूल केलं नाही.

आठवड्यातले तीन दिवस मी सातपाटीला जाऊ लागले. भिंतीवर तिचेच फोटो काढून चिकटवले, उठल्यापासून झोपेपर्यंतच्या कामांचे, एकाखाली एक. गॅसच्या बटणाला लाल रंग लावला. पण काम पुढे सरकेना. आई समोर दिसली की ती हातातलं टाकून उभी राहायची आणि आईकडे बघत बसायची. मावशींचे हात मागे असायचे, पण डोळ्यांचं काय करणार? दोन महिने गेले आणि तिला धड चहा येईना. मावशी वाळत चालल्या होत्या. माझा धीर सुटला.

मग मी नियम वाढवला. तो कुठल्या पुस्तकात नाही, कुठल्या प्रशिक्षणात नाही, तो माझा आहे. मी मावशींना ओट्यावर बसवून एकेक गोष्ट सांगितली. उद्यापासून वेणी घालायची नाही, ती स्वतः घालेल. काटे काढायचे नाहीत. जवळ घेऊन झोपायचं नाही, तिची गोधडी दुसऱ्या खोलीत. ती रडली तर उठून बाहेर जायचं. तिला कुठेही, कशालाही, हात लावायचा नाही. तुमच्या हाताची सवय मोडल्याशिवाय तिचा हात चालणार नाही, असं मी म्हणाले. मला ते वाक्य तेव्हा फार आवडलं होतं.

मावशींनी ऐकून घेतलं. "कडू हाय," एवढंच म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तो नियम असा पाळला की जणू देवापुढे शपथ घेतली होती. ज्या बाईने आयुष्यभर दिलेल्या शब्दावर उधारीत मासळी उचलली, तिला नियम अर्धवट पाळायचा असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. मी तरी सांगायला हवं होतं.

पहिल्या आठवड्यात मुलीने रडून घर डोक्यावर घेतलं. मोकळे केस घेऊन, फणी हातात धरून ती आईच्या पुढ्यात पाठ करून बसायची. मावशी उठून गल्लीत जायच्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. शेजारणी मला शिव्या घालायच्या, माझ्या तोंडावर. एकीने विचारलं, "बाई, तुमाला पोरं हायत का?" मला नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मुलगी पाठ करून बसायची थांबली. महिन्याभराने तिने वाकडीतिकडी वेणी घातली आणि मला दाखवली. मी टाळ्या वाजवल्या. आईकडे ती दाखवायला गेली नाही.

त्यानंतर सगळं भराभर आलं. चहा आला, भात आला, मांदेलीचं कालवण आलं. गॅस बंद करून लाल बटणावर दोनदा बोट ठेवून बघायची सवय लागली. दाराचं कुलूप, किल्ली गळ्यात. एकदा मी मुद्दाम न सांगता गेले तर ती स्वतःचे कपडे पिळून दोरीवर टाकत होती आणि मला बघून म्हणाली, "थांबा, काम हाय." मला इतका आनंद झाला की मी परतीच्या रिक्षात एकटीच हसत होते.

त्याच सुमारास मावशींनी बाजार सोडला. हात सुजून जड झाला होता. मुलीला सांगितलं, खांदा आखडलाय. एका दुपारी मी वहीत नोंदी लिहीत बसले होते, मुलगी मांडवावर गेली होती. मावशी माझ्याजवळ सरकून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, एक विचारू? ती झोपलेली असताना हात लावला तर चालंल का? जरासा. डोक्यावरून."

मी वहीतून मान वर केली नाही. म्हणाले, "नको मावशी. जाग आली तर इतक्या महिन्यांचं सगळं पाण्यात जाईल."

"बरा," त्या म्हणाल्या.

या एका शब्दावर मी आजही कुठेही, बाजारात उभी असले तरी, रडू शकते. जाग आली असती तर काय झालं असतं? आई डोक्यावरून हात फिरवतेय, एवढं तिला दिसलं असतं.

मावशी डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीच्याही आधी गेल्या. शेवटचे आठ दिवस मुलाने त्यांना बोईसरला स्वतःच्या खोलीवर नेलं होतं, दवाखाना जवळ पडतो म्हणून. मुलीला सांगितलं, आई दादाकडे राहायला गेलीय. एकटं राहायचा तिचा तो सरावच झाला, आणि तो सराव छान झाला, हेही मी वहीत लिहिलं. अंत्यविधीला तिला आणलं तेव्हा ती एका कोपऱ्यात उभी राहिली. आईच्या जवळ जा, पाया पड, असं बायकांनी सांगितलं, ढकललंही. ती म्हणाली, "हात लावायचा नाय." बायकांनी तोंडाला पदर लावला. मी तिथेच होते. मला वाटलं ती घाबरलीय.

भावाने शब्द पाळला. ती तिच्या घरात राहिली. शेजारची काकू सकाळ-संध्याकाळ डोकावायची, रविवारी भाऊ यायचा, मी आठवड्यातून एकदा. ती मांडवावर कामाला जायची, येऊन भात लावायची, कुलूप लावून देवळात जायची. सहा महिने झाले आणि एकही दिवस चुकला नाही. आमच्या कामात असं यश क्वचितच मिळतं. पालघरला संस्थांची एक सभा होती, तिथे मी तिचे फोटो पडद्यावर दाखवून पाऊण तास बोलले. आईने हात लावायचा नाही, या भागाला तर लोक खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते. टाळ्या पडल्या. एका तरुण शिक्षिकेने तो नियम वहीत उतरवून घेतला, मी डोळ्यांनी पाहिलं.

त्याच ओघात दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन सातपाटीला गेले. ती गॅसवर चहा टाकत होती. दोन कप काढले, गाळला, माझ्या हातात दिला. छान झाला होता. ती माझ्यासमोर बसली आणि बराच वेळ शब्द जुळवत राहिली. तिची ती पद्धतच होती, घाई केली की सगळं विसरायची. मी थांबले.

"बाई," ती म्हणाली, "मी काय केला होता?"

"कधी गं?"

"आयला मी आवडत नव्हती. मंग ती दादाकडं गेली. मी काय केला होता?"

पेढ्यांचा पुडा माझ्या मांडीवर होता. तो खाली ठेवायचं मला सुचलं नाही. इतके महिने ही मुलगी भात लावत होती, कुलूप लावत होती, बोंबील जोडत होती, आणि मनात हे घेऊन. आपण काहीतरी केलं, म्हणून आईने शिवणं सोडलं, अंथरूण वेगळं केलं, शेवटी घर सोडलं. ते काय, एवढंच तिला आठवत नव्हतं. तिला कळत नव्हतं असं नाही. तिने तिच्यापुरता सगळ्याचा अर्थ लावला होता, आणि तिच्यासमोर जे आलं त्यावरून दुसरा कुठला अर्थ लागणार होता?

मी सांगितलं. सावकाश, एका वेळी एकच गोष्ट, तिला चहा शिकवला तसं. आईला गाठ झाली होती. आईला माहीत होतं की ती मरणार. आईला भीती होती की तुला संस्थेत पाठवतील. म्हणून तुला शिकवायचं होतं. हात लावू नका असं मी आईला सांगितलं. आईला हात लावायचा होता. खूप लावायचा होता. मी नको म्हटलं.

तिने प्रत्येक वाक्यानंतर मान हलवली. मग विचारलं, "तिला दुखायचा?"

"हो."

"लय?"

"हो. खूप."

ती आपल्या दोन्ही हातांकडे बघत बसली. बोंबलाच्या कामाने बोटांची सालपटं निघालेली होती.

"मी पाय चेपलं असतं," ती म्हणाली. "माना येतं ते. आजीचं चेपायची मी. कोणी शिकवला नाय, माना येतंच." मग थोड्या वेळाने, "तुमी माना सांगितला नाय."

मी माफी मागितली. माफी हा शब्द तिला नीट कळतो, शिकताना तिने अनेकदा मागितली आहे, कप फुटला की, पाणी सांडलं की. ती माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही. रडत होते ती मी, आणि तिने मला पाणी आणून दिलं, कुणी न सांगता. मी ते प्यायले. तिने पेला परत घेतला, विसळून पालथा घातला आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

"आता जावा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "परत नका येव. माना नको."

माझ्या ओठांवर आलं होतं की असं नसतं बोलायचं, मी तुझी बाई आहे, अजून तुला कितीतरी शिकायचंय. दाराबाहेर शेजारची काकू उभी होती, तीही म्हणाली, "अगं, असं बोलतात का बाईंना? त्यांनीच तर तुला उभी केली." मुलीने तिच्याकडे पाहिलं नाही. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती.

"बरं," मी म्हणाले आणि चप्पल घातली.

त्याला आता दीड वर्ष होत आलं. भावाचा मधूनमधून फोन येतो, ती मजेत आहे म्हणतो, मॅडम तुम्ही येत का नाही, तिचं काय ऐकता, तिला कुठे एवढं कळतंय. मी त्याला काहीतरी सांगून वेळ मारून नेते. त्या सभेतल्या शिक्षिकेला मात्र मी शोधून काढलं आणि तिने उतरवून घेतलेला नियम खोडायला लावला. पालघरला कामासाठी गेले की सातपाटीच्या रिक्षा समोरच उभ्या असतात, एक सीट, एक सीट म्हणून ओरडत. एकदा बसलेही होते, आणि सुटायच्या आत उतरले. घर तिचं आहे, आणि त्यात कुणाला घ्यायचं हे तिने ठरवलंय.